खालच्या दहा नळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

आज यार्डात जुनी ओळख निघाली! भंगाराच्या ढिगात ग्राड रॉकेट लाँचर! रशियन. ट्रक गायब, नुसता रॉकेटच्या नळ्यांचा गठ्ठा — दहा-दहाच्या चार रांगा. तोफखान्यात बारा वर्षं हिच्यावर काढली मी. वीस सेकंदांत चाळीस रॉकेटं! बाकीच्यांना गंजके पाइप दिसत होते. मी मनसोक्त भाव खाल्ला. अर्बाब, म्हणजे आमचा यार्डाचा मालक, सगळ्यांना सांगत सुटला — गजेंद्र खबीर, मोठा जाणकार!

उद्या तपासून पांढरी खूण करायची, मग उजैर गॅस कटरने कापणार. माझी खूण नसेल त्या लोखंडाला ओमानमधल्या सोहारच्या या यार्डात कुणी कटर लावत नाही.

४ फेब्रुवारी

उजैर भाजला.

५ फेब्रुवारी

निदान इथे तरी खरं लिहितो.

फौजेतला नियम साधा. प्रत्येक नळीला डोळा लावायचा. पलीकडचा उजेड दिसला तरच ती रिकामी. न उडालेलं रॉकेट कधीकधी आत अडकून राहतं. वरच्या तीस नळ्या पाहिल्या. खालची रांग वाळूत रुतलेली, तोंडं चेपलेली. गठ्ठा उचलून बघायला हवा होता. क्रेन दुसरीकडे अडकलेली, अर्बाबची 'यल्ला, यल्ला' अशी घाई चालू. उजैरने विचारलंसुद्धा, "भाऊ, खालची रांग बघितलीत ना?"

"आता तू मला शिकवणार?" म्हणालो. चाळीसही नळ्यांवर खूण मारली.

एकीत रॉकेटचा मागचा भाग होता, दारूसकट. पुढचा स्फोटक भाग नव्हता म्हणून उजैर जिवंत आहे. ज्वाळेने फेकला गेला, डोकं आपटलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. अजून शुद्ध नाही.

खालच्या रांगेवरचा खुणेचा रंग पार जळून गेलाय. सेफ्टीच्या साहेबाने विचारलं, "मार्क किया था?"

"नीचेवाली लाइन बाकी थी, सर."

इतकं सहज बोललो!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खैरुन्निसाचा फोन — उजैरची बायको, रत्नागिरीहून. "भाऊ, तुम्ही तिथंच होतात. ह्यांनी घाई केली काय हो? खरं सांगा."

"हो," म्हणालो. जीभ झडली नाही माझी! ती रडली. वर म्हणाली, तुम्ही जवळ होतात म्हणून वाचले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या पार्किंगमधून परत आलो. वर जायची हिंमत झाली नाही.

फौजेत बरं होतं. रॉकेट वीस किलोमीटरवर पडायचं. कुणावर पडलं, बघायला जावं लागत नसे. नकाशावरचं एक टिंब, बस. बारा वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. उजैरच्या घरचं कुळथाचं पीठ मात्र माझ्या डब्यात आहे. आज भाकरी नुसत्या चटणीशी खाल्ली.

११ फेब्रुवारी

उजैर शुद्धीवर आला! उद्या आधी त्याला सांगणार, मग साहेबाला. नोकरी जाईल. जाऊ दे. घरी परत पाठवतील. पाठवू देत. आता मागे फिरायचं नाही.

१२ फेब्रुवारी

गेलो. त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. बायकोने फोनवर सांगितलं तेच खरं धरून बसलाय. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "भाऊ, माझ्या घाईपायी तुमच्या नावाला बट्टा लागला. माफ करा मला."

मी म्हणालो, "केलं."