चौथी जागा ड्रायव्हरची

३ मे

प्रिय ताईस,
सा. सलाम वि. वि.

तुझ्या गुडघ्यांची चौकशी मागाहून करते, आधी माझी बातमी ऐक. मला कामावरून काढून टाकलंय! कामावर कधी होतीस, असं विचारशील. तीच तर गंमत आहे.

आमचं चर्च वाढलंय हे तुला ठाऊकच आहे. नदीपलीकडे नवी वसाहत झाल्यापासून रविवारी माणसं जिन्यात बसतात, खिडक्यांत उभी राहतात. तेव्हा कमिटीने ठरवलं, की एकट्या पाळकांच्या जिवावर आता निभायचं नाही, पगारी माणसं नेमायची. अध्यक्ष म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. ते सभेत उभे राहून नव्या जागा वाचू लागले. घरोघर भेटी द्यायला आणि आजाऱ्यांची विचारपूस करायला एक सहायक पाळक. फोन आणि पत्रकं सांभाळायला ऑफिसात एक बाई. गाणाऱ्यांना शिकवायला एक मास्तर. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले होते. पाळकाची बायको म्हणून ही तिन्ही कामं इतकी वर्षं मीच करत होते ना!

मग टाळ्या झाल्या, भलामोठा गुच्छ मिळाला, आणि जिथे माझी कधी नेमणूकच झाली नव्हती तिथून मी सन्मानाने निवृत्त झाले. हसून हसून पोट दुखलं. घरी येऊन थोडं रडलेही, पण ते कांद्यावर खपवलं.

नवी माणसं गोड आहेत. सहायक पाळक एवढा उंच, की पोरांनी त्याचं नाव टॉवर ठेवलंय. पण सोमवारी सकाळी फोन वाजला, मी सवयीने धावले, आणि निघाला राँग नंबर. मग दुपारपर्यंत मी धुतलेले पेले पुन्हा धुतले.

आता खरी गोष्ट. चौथी जागा आहे! वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांना उपासनेला आणायला चर्चने एक जुनी निळी बस घेतलीय आणि तिला ड्रायव्हर हवाय. ताई, मी अर्ज केलाय. मोठ्या गाडीचं लायसन्स काढायला मोटार स्कूलमध्ये जातेय. यांना अजून बोलले नाही. भाजी आणायला जाते म्हणून सांगते, आणि खरोखर भाजी घेऊनच परतते, त्यामुळे त्याला खोटं काही म्हणता येणार नाही.

लोभ तुझा असतोच, या खेपेला थोडी हिंमतही पाठव.

तुझी
धाकटी


९ मे

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून एवढ्या मोठ्याने हसले, की मला काही झालं समजून शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिलाही वाचून दाखवलं. ती तुझ्या बाजूने आहे.

बाबांच्या पावाच्या गाडीच्या स्टिअरिंगवर तू पहिल्यांदा बसलीस तेव्हा शेजाऱ्यांचं कुंपण पाडलंस आणि उतरून विचारलंस, की परत कधी मिळेल चालवायला. लग्नानंतर मात्र नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून तू नसलेला ब्रेक दाबत आलीस. मी मागे बसून सगळं पाहिलंय.

एकच विचारते. हे तू रागाने तर करत नाहीस ना? कमिटीची जिरवायची असेल तर गप घरी बस. म्हाताऱ्या माणसांनी भरलेली बस रागावर चालवायची नसते. हौस असेल तर बेलाशक कर. आणि नवऱ्याला आजच्या आज सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्याला लागेल.

हिंमत पाठवली आहे, सोबत उन्हाचा काळा चष्माही. दोन्ही वापर आणि ताईला विसरू नकोस.

तुझी
ताई


१४ मे

आदरणीय ताईंस,
सप्रेम सलाम.

माझं अक्षर बघूनच आपण घाबराल, म्हणून आधी सांगतो, सगळे खुशाल आहेत. निदान आजपर्यंत तरी.

काल दाढ ठणकत होती म्हणून डॉक्टरांकडे गेलो. जबडा बधिर, तोंडात कापूस, आणि नेमकं तेव्हा त्यांनी माझं अभिनंदन केलं, की पाळकबाईंचा ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज आलाय आणि कमिटी एकदम खूश आहे. मी कडाडून हरकत घेतली. बाहेर आलं ते नुसतं आ आ. त्यांनी तो होकार समजून पलीकडची दाढही तपासली.

घरी येऊन विचारलं तर ही म्हणाली, की आजच सांगणार होते. खरं असावं, कारण ताट माझ्या आवडीच्या पदार्थांनी भरलं होतं आणि मला एक घास चावता येत नव्हता.

ताई, आपलं ती ऐकते. तिला समजवा. बस केवढी, तो पूल केवढासा! आणि मनातलं सांगू? शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी उपासनेच्या पत्रकांना घड्या घालायचो. ती घड्या घालायची, मी चुका काढायचो, मग भांडायचो. आता पत्रकं ऑफिसातून तयार येतात. गेल्या शनिवारी मी टेबलाशी एकटाच बसलो होतो आणि ही भाजीला म्हणून गेली ती दिवे लागल्यावर कोथिंबिरीची एक जुडी घेऊन आली. आता कळतंय, तेव्हा मैदानावर बस मागे घेत होती. तिकडे टॉवरचा उपदेश ऐकून लोक हसतात, डोळेही पुसतात. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावतो आणि मनात म्हणतो, पुढचा गुच्छ आपला.

हे शेवटचं तिला कळू देऊ नये. आपली माया आहेच, ती थोडी माझ्या बाजूने असू द्यावी.

आपला
पाळक


१९ मे

प्रिय जावईबापू,
अ. आ.

दाढ बरी असेल. मी तिला समजावणार नाही.

तुमची बायको मोकळी झाली तर रडून घेऊन दुसऱ्या आठवड्यात बस शिकायला लागली. तुम्ही अजून कामावर आहात आणि आत्ताच गुच्छाला घाबरताय. जे मला लिहिलंत ते तिला सांगा. माझ्या पोटात ते राहील, पण तिच्या शेजारी बसून ते लपवणं तुम्हालाच जड जाईल.

तिच्या चाचणीला हजर राहा. डोळे उघडे ठेवून. माया दोघांवर सारखीच आहे, थोडी इकडे तिकडे.

तुमची
ताई


२६ जून

प्रिय ताईस,
सा. सलाम वि. वि.

मी ड्रायव्हर झाले! चाचणीला अख्खी कमिटी बसमध्ये बसली. डॉक्टरांनी तर दांडा असा धरला होता, जणू कुणी त्यांचाच दात उपटत होतं. मी गाडी उलटी घेऊन फाटकातून सरळ आत घातली. हे पायऱ्यांवर तोंड झाकून उभे होते, पण बोटं फाकवून बघत होते.

आता गेल्या रविवारचं ऐक. अठरा आजी-आजोबांना घेऊन निघाले, आणि पुलाअलीकडे पाइप फुटला म्हणून रस्ता खणलेला. मागे गाड्यांची रांग. ना पुढे जाता येईना, ना मागे. ऑफिसात फोन केला. त्या दिवशी उपदेशाची पाळी यांची होती. ऑफिसातल्या बाईंनी व्यासपीठाच्या पायरीवर यांना गाठून सांगितलं, आणि ताई, यांनी हातातले कागद टॉवरच्या हातात दिले, सांभाळ म्हणाले, आणि कुणाची तरी सायकल घेऊन निघाले. पोचले तेव्हा झग्याचं टोक चेनमध्ये अडकलेलं, बायबल आणि चष्मा दोन्ही चर्चमध्येच.

मग उपासना बसमध्येच झाली. एक आजोबा जरा कमी ऐकतात, ते शेवटपर्यंत वेगळंच गीत गात होते. यांनी पाइप दुरुस्त करणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, तर खड्ड्यातल्या माणसांनी टोप्या काढल्या. नंतर हे माझ्यामागच्या सीटवर बसून हळूच म्हणाले, की आपलीही गरज संपेल अशी धास्ती होती, तुला सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, की मला तर गुच्छ मिळाल्यावर वाटलं होतं, आता मी कोण. मग म्हणाले, की आत्ता तिकडे टॉवर छानच बोलत असेल, आणि आपल्याला मुळीच वाईट वाटत नाहीये, उलट भूक लागलीय. मागच्या एका आजींनी बिस्किटं पुढे केली. आठ खाल्ली!

रस्ता मोकळा झाला तोवर दुपार झाली होती, म्हणून सगळ्यांना घरी सोडायला वळले. आरशात बघते तर हे मागे जाऊन शेवटच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेले, तोंड उघडं. लग्न झाल्यापासून रविवारी मी या माणसाला झोपलेलं पाहिलं नव्हतं. आज्या एकमेकींना गप्प करत चवड्यांवर उतरल्या. शेवटचे आजोबा उतरल्यावर घराकडे उजवीकडे वळायचं होतं. मी डावीकडे वळले, नदीकाठच्या लांबच्या रस्त्याला, आणि बस अगदी हळू चालवत राहिले.

तू ये, खिडकीची सीट राखून ठेवते. तोवर जीव लावत राहा.

तुझी
धाकटी