दुसऱ्या इंजिनाचा पेंटो

३ फेब्रु., मंगळ.
वहीबाई, माफी असावी. चार दिवस उशीर झाला. नातीने, पल्लवीने, वही पाठवून बजावलं होतं, पुढच्या पानांवर मालगाड्यांची नोंद करा आणि मागे तुमचं स्वतःचं काय ते लिहा. पुढची पानं भरताहेत. मागे हात जात नाही. डोक्यात काळजी असली की अक्षर वाकडं येतं.

नात पुण्याच्या कंपनीत बसून हिशेब मांडणार, होटगीवरून जाणाऱ्या मालगाड्यांना किती इंजिनं ठेवायची. आणि विचारणार कुणाला? सातवी नापास, रिटायर पॉइंट्समनला! हसू येतं.

तिचं म्हणणं असं : "आबा, कागदावर काही गाड्यांना दोन इंजिनं दिसतात. पण दुसरं खरंच ओढतंय, की बिघडलंय म्हणून शेडला न्यायला नुसतं जोडलंय, ते कळत नाही. तुम्ही घराच्या स्लॅबवरून बघा, रूळ समोरच आहेत. डोक्यावरचा पेंटो, म्हणजे तारेतून वीज घेणारा सांगाडा, वर तारेला टेकलेला असला तर चालू. मिटलेला असला तर बंद."

मला शिकवते! तीस वर्षं सांधे बदलले, एकही गाडी चुकीच्या लाइनीवर घातली नाही.

५ फेब्रु., गुरु.
सकाळपासून सात मालगाड्या. तीन जोडीच्या. दुसरं इंजिन : चालू, चालू, चालू.

हल्ली गार्ड लोक माजलेत. आमच्या वेळी हिरवी झेंडी दाखवली की गार्ड उलट दाखवणारच, मग तो तापाने फणफणलेला का असेना. मी स्लॅबवर उभा राहून प्रत्येक गाडीला हात करतो. एकही जण उलट हात करत नाही.

सुनीता, म्हणजे सूनबाई, म्हणाली, "आबा, डोळे दाखवून घ्या की एकदा."
गार्डचा माज आणि माझे डोळे, काय संबंध? शिवाय मोतीबिंदू काढताना डोळा उघडाच ठेवतात म्हणे. मधेच शिंक आली तर?

६ फेब्रु., शुक्र.
पल्लवीचा फोन. सोमवारी अकराला मीटिंग. "साहेब लोकांपुढं मी उभी राहून बोलणार आहे आबा, पहिल्यांदाच. तुमच्या नोंदी बघून मी सांगणार, इथं दोन इंजिनं लागतातच."
म्हटलं, "आणि चुकलं तर?"
"तर दुसरीकडं हवी असलेली इंजिनं इथं उगाच अडकतील, आणि मला परत फायली लावायला बसवतील." हसली.
मी हसलो नाही. जेवणार नाही असं सुनीताला सांगितलं. (नंतर दोन भाकरी खाल्ल्या. शेंगाचटणी ताजी होती.)

८ फेब्रु., रवि.
लिहायची लाज वाटते. पण लिहितो.

सकाळी रसूलभाई आला. मालगाडीचा ड्रायव्हर होता, माझ्याच वर्षी रिटायर झाला. दोघं स्लॅबवर उभे. जोडीची गाडी आली. मी वही उघडली.
"काय लिवतूस, गंगारामा?"
"दुसरं इंजिन चालू."
"कुटं चालू? मेलंय की ते! पेंटो मिटलाय, खिडकीत माणूस बी न्हाय."
"धुरळा आहे रे, म्हणून..."
"धुरळा तुज्या डोळ्यात हाय."
तेवढ्यात शेवटचा, गार्डचा डबा आला. सवयीने हात केला आणि म्हटलं, बघ, हाही उलट हात करत नाही.
रसूलभाई म्हणाला, "अरे, निम्मा भाईर आलाय बिचारा हात हलवत. आजून हलवतोय."

म्हणजे रोज करत असतील. आणि मी इथे त्यांना शिव्या घालतोय.

खरं सांगायचं तर इंजिनाच्या डोक्यावर मला काहीतरी काळं दिसायचं. पेंटो का मागचा खांब, कळायचं नाही. मी मनाशी म्हणायचो, एवढं धड इंजिन, बंद कशाला असेल. आणि "चालू" लिहायचो.

मग रसूलभाईला संध्याकाळपर्यंत खाली उतरू दिलं नाही. तीनदा चहा, एकदा भजी. जोडीच्या आणखी चार गाड्या गेल्या. त्यातल्या तिघींचं दुसरं मेलेलं. जाताना म्हणाला, "पोरीला आजच सांग. न्हायतर मी सांगतो, लई वंगाळ सांगीन."
फोन लावला. उचलला नाही.

९ फेब्रु., सोम.
सकाळपासून परत दोनदा लावला. उचलत नाही. तयारीत असेल. सुनीता अंगणवाडीत गेली. रसूलभाई पहिल्या गाडीने अक्कलकोटला, लेकीकडे. मोबाइलवर लिहिणं मला जमत नाही. शेवटी वहीतच लिहिलं :

"पल्लवी, माझ्या नोंदी रद्द समज. मी बघितलं नव्हतं, धरून चाललो होतो. रविवारच्या तेवढ्या पाच खऱ्या, त्या रसूलभाईच्या डोळ्यांनी आहेत. साहेबांना खुशाल सांग, आजोबाला दिसत नाही. उद्या सोलापूरला डोळे दाखवायला जातो. शिंक आली तर आली."

सुनीता रोज नोंदींचा पाठवते, तसा पानाचा फोटो काढला. पहिल्यात अंगठा आला, दुसऱ्यात पाय. तिसरा पाठवला.

पावणेअकरा. फोटोखाली बरोबरच्या दोन खुणा आल्यात, एवढं दिसतं. वाचलं की त्या निळ्या होतात म्हणे. निळ्या झाल्या का अजून करड्या, कळेना. उन्हात धरून बघितलं. सावलीत धरून बघितलं. आता कुणाला विचारू?

आत्ताच मालगाडी गेली. हात केला. त्यानेही केला असणार.

पल्ले, वाचलंस का गं? बोलायला वेळ नसला तर नुसता मिस्ड कॉल दे, पण लवकर दे. कान अजून शाबूत आहेत.