नंबर नसलेल्या सहा सळ्या

६ जानेवारी

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. चोवीसच्या चोवीस सळ्या, प्रत्येक तेलकट कागदात गुंडाळलेली, वर आईच्या जुन्या स्वेटरच्या चिंध्या. उघडल्याबरोबर खोलीभर तुमच्या शर्टाचा वास पसरला. इथल्या वर्कशॉपात पाळी यायला तीन महिने लागतात, म्हणून तुम्हाला कामाला लावलं.

मेकॅनिकलच्या मास्टर्सला अजून काय काय लागतं, असं विचारलं होतंत. विषय सगळे सुटले, सेमिनार उरकला. राहिला प्रबंध आणि तोंडी परीक्षा. मंजूर आराखड्याप्रमाणे चोवीस सळ्या मशीनवर तुटेपर्यंत फिरवायच्या आणि कोणती किती फेरे टिकली ते मांडायचं. एकतीस मार्च शेवटची तारीख. मुदत एकदा वाढवून घेतली आहे, दुसऱ्यांदा देत नाहीत. चुकली तर तीन वर्षं पाण्यात.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

२० जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस, पेन नवीन आहे. मालक हल्ली मला लेथवर कमी आणि स्टोअरमध्ये जास्त बसवतात. म्हाताऱ्याचे लाड चाललेत म्हण. तुझी आई म्हणते, सळ्यांवर घेतली तेवढी मेहनत घरच्या गळक्या नळावर घेतली असती तर तिची बादली तरी सुटली असती.

शेवटच्या काही सळ्या घाईत केल्या आहेत. सांभाळून घे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
अप्पा

९ मार्च

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

अठरा सळ्या अपेक्षेप्रमाणे तुटल्या. सहा मात्र निम्म्यातच गेल्या. माझ्या गाइड सरांना वाटतं, धातूतच खोट असणार. मी एकटीनं ते तुकडे मायक्रोमीटरनं मोजले. तुटतात तिथं त्या ठरल्या मापापेक्षा केसाच्या जाडीनं बारीक आहेत.

मग टोकं बघितली. तुमच्या कारखान्यात लेथवरचा प्रत्येक टर्नर आपल्या कामावर आपला नंबर ठोकतो. माझ्या शाळेच्या डब्यावरही तुम्ही १७ ठोकला होतात, सगळा वर्ग हसला होता. अठरा सळ्यांवर १७ आहे. या सहांवर काहीच नाही.

सरांना मी अजून काही बोलले नाही. धातूत खोट, असं लिहिलं तर चोवीसही धरल्या जातात आणि प्रबंध सुटतो; माप चुकलं म्हटलं तर सहा बाद. कोणी मोजायला येणार नाही. अप्पा, नंबर मारायचा विसरलात ना? तेवढं एकच लिहा, मी गप्प बसेन. फार घाबरले आहे.

तुमची,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

विसरलो नाही.

हिवाळ्यापासून मला मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, डोळा आतून गेला, चष्म्याचं काम नाही. अठरा होईपर्यंत शेजारच्या लेथवरचा मिस्त्री मापं वाचून द्यायचा. तो रजेवर गेला आणि तुझी तारीख उरावर. उरलेल्या सहा मी बोटांनी चाचपून केल्या. चाळीस वर्षांचा हात, चुकतो कसला, असं वाटलं. नंबर मारायला पंच उचलला आणि धीर झाला नाही. तरी त्या खोक्यात घातल्या. तुला कळवायला हवं होतं. लाज वाटली.

धातूला बोल लावू नकोस. धातू चोख होता. टर्नरनं माप चुकवलं, असं लिही. उद्या तुझे आकडे बघून कोणी यंत्र बांधेल आणि त्याच्यापाशी कोणाचं तरी पोर उभं असेल. पदवी गेली तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे, मी ऐकून घेईन. तुकडे तेवढे परत पाठव.

तुझा,
अप्पा

११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र मीच लिहिते आहे. तुझ्या अप्पांना आता ओळ धरता येत नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं. तू खरं तेच लिहिलंस, परीक्षकांनी अठरा सळ्यांवर भागवायला नकार दिला, आणि पदवीऐवजी विषय सुटल्याचा नुसता कागद हातात ठेवला. ऐकून ते जेवले नाहीत. मी चिडले, तुझ्यावरसुद्धा. एक ओळ गाळली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं, असं मनात आलं. मग माझी मलाच शरम वाटली.

तुकड्यांचं खोकं आलं. काल दुपारी त्यांनी पंच आणि हातोडी काढली. एकेक तुकडा मी दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, त्यांनी अंगठ्यानं टोक चाचपायचं आणि ठोकायचं. मोडक्या सळ्यांना आता नंबर कशाला, असं मी विचारलं. ज्यानं बिघडवल्या त्याचा नको का, म्हणाले.

सहाही झाल्या. शेवटच्या सळीवर १७ अगदी तिरका आलाय. सरळ आलाय ना, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. ते काही त्यांना पटलेलं दिसलं नाही. तू लवकर ये आणि खरं काय ते तूच सांग. आता ते तुझंच ऐकतात.

तुझी,
आई