मदिनेत भांडायला

४ जानेवारी २०२३, मोहाडी

कुर्र-कुर्र-कुर्र... मग एकदम चूप. मग "हत् तुझ्या!"

धागा तुटला की सुलोचना चरख्यालाच दम द्यायची. नवी नवरी होती तेव्हा. ओसरीत बसून माझ्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचा चरखा थांबला की आत माझे हातही थांबायचे. आज पहाटे तो आवाज इतका साफ ऐकला की उठून बसलो! घरात कुणी नाही. भरलेली बॅग तेवढी दाराशी.

मी फिरायला चाललो नाही, हे आधी लिहून ठेवतो. तिकीट सुनेनं, रीतानं, पाठवलं. "बाबूजी, तीन महिने या, मन रमेल." मन रमेल म्हणे! एकुलता मुलगा धनंजय तिकडे घाना देशात, भाताच्या गिरणीत इंजिनिअर. आक्रा शहराला लागून मदिना नावाची वस्ती आहे, तिथं राहतो. २०१९ च्या मे महिन्यात त्याची आई गेली, आणि हा साहेब चौथ्या दिवशी बॅग उचलून परत गेला! तेरवीला पोटचा मुलगा नाही! अग्नी दिला पुतण्या अंकुशनं, डोकंही त्यानंच भादरलं. तेव्हापासून पावणेचार वर्षं धनंजयनं मोहाडीत पाय ठेवला नाही. फोनवर "गोळ्या घेतल्या काय?" बस. संपलं.

मी भांडायला चाललो आहे.

शेजारच्या सोमाजीनं गावाचं नाव ऐकलं आणि हसत सुटला. "नंदलाल, मदिनेले चालला? मंग आल्यावर हाजी म्हणा लागन तुले!" मी हसलो नाही.

७ जानेवारी, मदिना

पोचलो. धनंजय घ्यायला आला होता. पाया पडला. कानावरचे केस पांढरे झाले त्याचे. "प्रवास बरा झाला?" "झाला." मग पाऊण तास तो रस्ता पाहत होता, मी खिडकी.

९ जानेवारी

हे गाव आहे की जत्रा! साडेचारला एक माणूस भोंगा घेऊन रस्त्यात उभा राहतो आणि झोपलेल्या लोकांना देवाचं सांगतो. पाचला कोंबडे. सहाला त्या खटारा व्हॅना, दारात लटकलेला गडी "सर्क-सर्क-सर्क!" ओरडतो. शहरातल्या मोठ्या चौकाचं नाव आहे म्हणे ते. सातला शेजारी धप्-धप्, दोन बाया पुरुषभर उंच मुसळानं उकडलेले कंद कांडून राहिल्या. आणि धूळ! वाळवंटातून येते. सूर्य असा दिसतो जशी चाळणीमागे ठेवलेली थाळी.

दुकानांच्या पाट्या रीतानं वाचून दाखवल्या. 'देवाची कृपा पंक्चर दुरुस्ती'. 'प्रभूची वेळ अचूक केशकर्तनालय'. एक बाई डोक्यावर अंड्यांचा डोंगर घेऊन, पाठीला लेकरू बांधून, दोन्ही हात मोकळे सोडून चालली होती, वर भांडतही होती कुणाशी! सुलोचनेनं हे पाहिलं असतं तर... असो.

धनंजयची ताकीद : "बाबूजी, गेटबाहेर एकटे जाऊ नका."

"काहून? मी शेळी आहो काय?"

रीता हसली. तो हसला नाही.

१३ जानेवारी

आजही नाही बोललो. तो सकाळी सातला जातो, रात्री आठला येतो. भांडायला तरी माणूस समोर लागतो ना!

१६ जानेवारी

गेटबाहेर गेलो. एकटा. मुद्दाम!

पोरं मागे लागली, "ओब्रोनी! ओब्रोनी!" म्हणजे गोरा साहेब. मी! मोहाडीचा काळा विणकर, साहेब! सोमाजीला सांगितलं तर गाडाभर हसेल.

शेजारच्या घरापुढे एक म्हातारी पानात चवळीचा भात खात बसली होती. मला पाहताच पान पुढे करून म्हणाली, "या, तुम्हाला आमंत्रण आहे." आपल्याकडे 'या जेवाले' म्हणतात ना, अगदी तसंच. बसलो. नाव एफुआ. सगळे आंटी एफुआ म्हणतात. शाळेत मास्तरीण होती. माझं इंग्रजी शाळेतलं, पन्नास वर्षं न वापरलेलं. ती सावकाश बोलते, म्हणून जमलं.

कवितांचा विषय निघाला. म्हणाली, आम्हाला बर्फावरच्या कविता पाठ करायला लावायचे, बर्फ कुणी पाहिला होता! मी म्हटलं, आम्हाला समुद्रावरच्या. मोहाडीत समुद्र! दोघंही हसलो. मग मी एक अख्खी म्हणून दाखवली, सातवीतल्या ठेक्यात, मांडीवर थाप देत. शब्द कळत नव्हते तरी तिनं थाप धरली. किती वर्षांनी कुणी मी म्हटलेली कविता शेवटपर्यंत ऐकली.

मी विचारलं, तुमचे मालक कुठे? म्हणाली, "फ्रिजमध्ये."

मला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. नाही! नवरा डिसेंबरात वारला. दवाखान्याच्या शीतघरात ठेवला आहे. मुलगा कॅनडातून यायचा आहे, तो आला की पुरतील.

उठून आलो. हात धुतले. ही काय माणसं आहेत!

२२ जानेवारी

बोललो शेवटी. व्हायचं ते झालं.

जेवताना मीच काढलं. "शेजारीण नवऱ्याले महिनाभर बर्फात ठेवते म्हणते. लाज नाही वाटत?"

धनंजय ताटात पाहूनच म्हणाला, "पोरासाठी थांबल्या त्या."

"मेलेल्याचे हाल करून?"

"मेलेल्याचे नाही होत, बाबूजी. मागं राहिलेल्याचे होते."

डोक्यात सणक गेली. "तू मले शिकवतो? तेरवीलेही थांबला नाही तू! चवथ्या दिवशी पळाला! गावात तोंड दाखवाची सोय ठेवली नाही माही!"

त्याचा हात भातातच थांबला. "तुमी थांबले होते काय?"

रीता म्हणाली, "आधी जेवण होऊ द्या ना." कसलं जेवण! तो वर गेला. मी खाली. मधे ती, तीन ताटं घेऊन.

२३ जानेवारी

मला विचारतो! मला! बापाला!

सुलोचना गेली त्या दिवशी शेहेचाळीस डिग्री ऊन होतं. दुपारपासून लाइन नाही. पंखा नाही. अंगणात शंभर लोक घाम पुसत उभे. जो तो म्हणे, माती अडवून ठेवू नका, दिवस बुडायच्या आत उरका. मी एकटा काय करणार होतो?

हे सगळं खरं आहे. पण इथं कुणी वाचणारं नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकतो.

सकाळी सात वाजता त्याचा फोन आला होता. "बाबूजी, थांबा. उद्या सांजेपर्यंत पोचतो. मी येईपर्यंत थांबा." मी "हो" म्हटलं. स्पष्ट म्हटलं. "हो, ये."

आणि बर्फ नव्हता असंही नाही. अंकुश म्हणाला होता, "मोठेबाबा, मासळीवाल्याकडं लाद्या आहेत, दोन हातगाड्या आणतो." मीच ओरडलो त्याच्यावर. "माझ्या बायकोले मासळीच्या बर्फात ठेवतो काय रे?" सगळ्यांसमोर. लोक म्हणाले, बरोबर आहे नंदलालचं. मला ते बरंही वाटलं. आज तेच आठवून अंगाची आग होते.

चार वाजता, विमानात बसायच्या आधी, त्याचा फोन पुन्हा वाजला. मी तिरडीपाशी होतो. नाव पाहिलं. उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सांजेला तो आला. पायात बूट तसेच. "आई कुठं आहे?" खोली सारवलेली, मोकळी. मी म्हटलं, "उरकलं." उरकलं! जसा आठवडी बाजार उरकावा!

शाळेत किती कविता पाठ केल्या. पोरगा दूरदेशी, आई वाटेकडे डोळे लावून बसलेली. बेंच बडवून म्हणायचो. पण बापानंच वाट पाहिली नाही तर परतलेल्या पोरानं काय करावं, हे एकाही कवितेत नव्हतं.

म्हणून काय तेरवीला थांबायचं नाही? राग माझा जात नाही. त्याच्यावरचा की कुणावरचा, ते मात्र आता सांगता येत नाही.

२५ जानेवारी

रागारागात बाजारात गेलो. नालीच्या फरशीला ठेच लागून पडलो. रताळीवाली, साबणवाली, पलीकडची टमाटेवाली, पाच बाया एका दमात म्हणाल्या, "सॉरी! सॉरी!" जसं काही त्यांनीच मला ढकललं!

इथं दुसरा पडला तरी हे लोक सॉरी म्हणतात. आणि आमच्या घरात पाडणाराही म्हणत नाही.

२८ जानेवारी, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी सहापासून कर्णे. भर रस्त्यात मंडप, माणसाएवढे स्पीकर, ढोल. दहा वाजता माझं डोकं फुटायला आलं. वाटलं, कुणाची वरात! आमच्या घरात तोंडं शिवलेली, आणि यांची वरात! पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी घातली आणि तरातरा निघालो. काय बोलायचं ते इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. "बंद करा हा तमाशा."

मंडपात शिरलो तर सगळे काळ्या-लाल कपड्यांत. समोर एका म्हाताऱ्याचा मोठा फोटो, फुलं. फोटोशेजारी आंटी एफुआ. तिचा कॅनडावाला मुलगा आला होता. हातात हात धरून बसली होती त्याचा.

मी वळणार तोच दोघांनी मला धरून नेलं. आधी सगळ्यांशी हात मिळवायचे, उजवीकडून सुरू करून, खुर्ची-खुर्चीला. दीडशे तरी हात! एक म्हातारा बोटभर-बोटभर रुंदीच्या पट्ट्या जोडून शिवलेलं वस्त्र पांघरून होता. हातमागाचं! माझी बोटं आपोआप त्याच्या काठाकडे गेली. त्यानं हसून काठ पुढे केला.

मग खुर्ची. मग पाणी. पाणी पिऊन होईस्तोवर कुणी काही विचारलं नाही. मग तोच म्हातारा समोर उभा राहून सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "आमच्याकडे सगळं कुशल आहे. तुम्ही कशासाठी आलात ते सांगा." इथली रीत आहे ती. आलेल्यानं कारण सांगायचं.

जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं. गिळलं. आणि निघालं ते भलतंच.

"माझी बायको मेली. मुलगा येत होता. त्यानं थांबा म्हटलं. मी हो म्हटलं. मी थांबलो नाही."

म्हाताऱ्यानं त्यांच्या बोलीत ते सगळ्यांना सांगितलं. खुर्च्यांमधून एक हुंकार गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुणी मला शिव्या घातल्या नाहीत. त्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

आंटी एफुआनं विचारलं, "तिचं नाव?"

"सुलोचना."

"सू-लो-चा-ना." तिनं म्हटलं, तिच्या मुलानं म्हटलं, मागच्या बायांनी म्हटलं.

"आणि मुलगा? कुठे आहे?"

मी बोट दाखवलं. शेजारच्याच आमच्या घराच्या वरच्या माळ्याकडे. खिडकी बंद, एसी चालू.

३० जानेवारी

दीडशे परक्यांपुढे सांगून आलो आणि पोराच्या खोलीच्या चौदा पायऱ्या चढवत नाहीत! काल दोनदा सहाव्या पायरीवरून परतलो. नालायक म्हातारा!

१ फेब्रुवारी

रीताला म्हटलं, तिकीट अलीकडचं कर. तिच्या डोळ्यांत पाणी. "बाबूजी, असे काहून करता? भांडा, पण राहा ना." नको. पाच तारखेचं झालं. मोहाडीत निदान भिंती माझ्या ओळखीच्या.

धनंजयला कळलं. म्हणाला, "ठीक आहे."

ठीक आहे! अडवेल असं वाटलं होतं. काहून अडवेल? 'थांबा' म्हणून त्यानं एकदा पाहिलं आहे.

३ फेब्रुवारी

बॅग भरली. आठव्या पायरीपर्यंत गेलो. वरून खोकल्याचा आवाज आला. उतरलो.

४ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे सहाला गेट वाजलं. मीच उघडलं. आंटी एफुआ. नवऱ्याला पुरून जेमतेम आठवडा झाला, आणि दारात उभी! तिच्या मागे तिचा मुलगा, पट्ट्यांचं वस्त्र पांघरलेला म्हातारा, आणि रस्ताभर बाया. सगळ्या काळ्या-लाल कपड्यांत. भोंगेवालासुद्धा भोंगा खाली धरून चूप उभा होता.

मी खुर्ची ओढली, पाणी आणायला वळलो. तिनं माझा हात धरला. "आम्ही तुमच्याकडे आलो नाही. ज्याच्यासाठी कुणी थांबलं नाही, त्याच्याकडे आलो. त्याला बोलवा."

मी जिन्यापाशी गेलो. सगळ्या पायऱ्या चढलो. दारावर थाप मारली.

"धनू, खाली ये, बाप्पा. तुझ्या आईसाठी लोक आले आहेत."