लाल औषध

अनसिंग, ६ जुलै २०२५

चि. करणले जानराव आबाजीचा आशीर्वाद.

फोनवर तुले दम लागते म्हणे, अन् त्या वॉर्डात कोणाले येऊ देत नाईत. म्हणून कागदावर लिहून तुया बापाजवळ देऊन राह्यलो. रामधन उद्याच्या एसटीनं नागपूरले निघते. इकडं सोयाबीन चार पानांवर आलं. तुयी माय हिरीबाई तांड्यावर बरी आहे.

मले मात्र झोप नाई, अन् त्याचं कारण तू आहेस.

दोघाले एकच रोग, रक्ताचा कॅन्सर. एकाच जीपनं गेलो, एकाच डॉक्टरनं तपासलं. तुले म्हणे, वय लहान आहे, कडक औषध देऊ, मुळातून काढू. मले म्हणे, "आजोबा, तुमच्या वयात त्या औषधानं पहिल्याच महिन्यात माणूस जाऊ शकतो. हलकं देतो, जमेल तितके दिवस काढू." जमेल तितके दिवस! म्हणजे तुले बरं करणार अन् मले नुसतं टिकवणार. अरे, तू माया बैलगाडीमागं धावणारं पोट्टं, तुया बाप माया वावरात राबला, अन् दवाखान्यात माया नंबर तुया मागं!

हेवा वाटते, करण. सरळ सांगतो. तुया वयाचा वाटते, तुया त्या कडक लाल सलाईनचा वाटते. तुये केस गेले म्हणून हिरीबाई रडत होती. मी टकलावरून हात फिरवून पाह्यला, माये होते नव्हते ते केस जागच्या जागी. औषधात दमच नाई! आपण तणनाशक मारतो तं डब्यावर लिहेल त्याच्यापेक्षा थोडं जास्तच टाकतो, तवा कुठं तण जळते. मंग माया तणाले हे काहून पाणी घालून राह्यले?

तू डॉक्टरले सांग, आबाजीले बी लालच द्या. तुयं आयकन तो. मेलो तं मेलो, पण म्हातारा म्हणून बाजूले नोको ठेवू मले.

लवकर ये बाप्पा. नाई तं उशिरा ये, मले काय!

तुयावर जळणारा,
जानराव आबाजी

अनसिंग, २८ जुलै २०२५

रामधन,

रामराम लिहायले हात होत नाई. करण गेला.

तापानं नेलं म्हणे. औषधानं रक्त साफ केलं, मंग ताप झेलायले अंगात काईच उरलं नाई. डॉक्टर म्हणला होता, पहिल्या महिन्यात म्हाताऱ्याले धोका जास्त, पोराले कमी. कमी म्हणजे नाईच, असं आपण दोघंबी धरून बसलो.

काल स्टँडवर तू दिसला. मी हात केला. तू माया पांढऱ्या मिशीकडं पाह्यलं अन् तोंड फिरवलं. सून म्हणे, दुःखात हायेत, दिसले नसान तुमी. दिसलो, रामधन. ते नजर मले लगेच वळखू आली. इतके दिवस आरशात तेच पाह्यली ना मी. हा म्हातारा काहून राह्यला अन् माया करण काहून नाई, असंच वाटलं ना तुले? वाटू दे. मले राग नाई.

मायं पत्र त्याच्यापर्यंत पोचलं होतं का? हसला का तो? त्यानं माया शब्द खरंच डॉक्टरजवळ टाकला असन, तं ते बी सांग.

एक गोष्ट मघापासून लिहू का नोको करून राह्यलो. परवा वाशीमले रक्त तपासलं. त्या हलक्या, पाणचट औषधानं माया रोग उतरून राह्यला. घरात सारे खुश आहेत. नातू शिवम पेढे आणतो म्हणे, तं मी त्याच्यावर खेकसलो. हे तुले गावातल्या कोणाकडून कळण्यापरीस मायाकडून कळलेलं बरं.

वावरात ये, घरी ये, मले शिव्या दे. हिरीबाईले घेऊन ये. आता जळायची पाळी तुयी आहे, अन् आयकून घ्यायची मायी.

करणच्या आधी जायचा होता तो,
जानराव