गाविलगडच्या कड्यावरून मी स्वतः उतरले

मी, चारुशीला विनायक अंजनकर, वय एकोणचाळीस, धंदा शिक्षकी, राहणार अंबापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. प्रकृती धडधाकट आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. याबद्दल माझे वडीलबंधू वामनराव वकील यांचे मत निराळे आहे, पण त्यांचे ते मत जुने आहे, आणि तेवढ्या काळात मी अर्ध्या अमरावतीच्या मुलींना गणित शिकवले. मला कोणी भरीस घातलेले नाही. पुढल्या महिन्यात मी गाविलगडाचा दक्षिणेकडचा कडा पुन्हा चढणार आहे. परत आले नाही तर मागे घोळ राहू नये, एवढ्यासाठी हा लेख.

कलम १. अंबापेठेतील दोन खोल्यांचे घर, विहिरीतील हिश्श्यासह, माझे स्वकष्टार्जित आहे. त्यात वडिलार्जित एक वीटही नाही. ते मी वामनरावांची मुलगी रमा हिला पूर्ण मालकीहक्काने देते. रमा सज्ञान आहे. तिने लग्न करावे अशी अट नाही, करू नये अशीही नाही. वामनरावांनी या घरात भाडेकरू ठेवू नये, तात्पुरतासुद्धा.

कलम २. पोस्टातील शिल्लक माझ्या शाळेतील मुलींच्या व्यायामवर्गास द्यावी व तीतून नवे दोर घ्यावेत. बूट, हातोडा व लोखंडी खुंट्या त्यांनाच. पेटीतला जुना तुटका दोर मात्र कोणी वापरू नये.

कलम ३. ‘गाविलगडचे वीर’ या मूक चित्रपटाची माझ्या मालकीची प्रत व ती दाखवण्याचे हातयंत्र. या वस्तूवर पुढे वाद होणार हे मला ठाऊक आहे, म्हणून ती माझ्याकडे कशी आली ते लिहिते.

सन १९३१ च्या हिवाळ्यात आम्ही तिघे एका दोराने तो कडा चढत होतो. पुढे कमलाकांत, आमच्या तालमीतला सर्वांत तयार गडी, मध्ये मी, मागे वलगावचे शेषराव मोहोड. हा चित्रपट काढणारे अकोल्याचे बापूसाहेब कॅमेरा घेऊन पायथ्याशी उभे होते. चढण्यापूर्वी कमलाकांतने कॅमेऱ्याकडे पाहून पागोटे सारखे केले आणि हसला. मग धुके उतरले, चित्र दिसेना, म्हणून बापूसाहेब सामान आवरून चिखलदऱ्याच्या बंगल्यावर गेले. पुढचे त्यांनी काहीच पाहिलेले नाही.

वरचा खडक सुटला. कमलाकांत माझ्या अंगावरून खाली गेला आणि दोर कडेवर घासून तुटला. त्याची हाक आली नाही. सुटलेले दगड शेषरावांच्या पायावर आले. मांडीचे हाड मोडले. आम्ही दोघे एका अरुंद कपारीत उरलो.

पहिली रात्र वाट पाहण्यात गेली. सकाळीही धुके तसेच. शेषराव म्हणाले, “बाई, तुमी उतरा. मले ठेवा अठीच.”

मी म्हणाले, “तुम्ही बोलू नका. गाठ धरा.”

नेसूचे लुगडे फाडून मी त्यांचा पाय काठीला बांधला. उरलेला दोर खडकाच्या सुळक्याला वेढा देऊन त्यांना एक टप्पा खाली सोडायचे, मग मी उतरायचे, मग पुढचा सुळका शोधायचा. शेषराव दर टप्प्याला ओरडत. त्या ओरडण्यानेच मला कळे की माणूस जिवंत आहे. दुसरी रात्र एका झुडपाला स्वतःला बांधून काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटची उतरण मी त्यांना पाठीवर घेऊन उतरले. खाली कोरकू लाकूडतोडे भेटले, त्यांनी डोली केली. मी शेषरावांचे धोतर गुंडाळून अमरावतीस आले.

वामनरावांनी दारातच विचारले, “दोन रात्री? त्या कुणब्याच्या पोराबरोबर? आणि या वेषात?” कमलाकांतचे काय झाले ते त्यांनी नंतर विचारले.

पुढे बापूसाहेबांनी चित्रपट पुरा करायचे ठरवले. मी त्यांना सारे सांगितले, त्यांनी मान डोलावली. मग वामनराव अकोल्यास जाऊन आले. कशासाठी, ते मला चित्रपटाच्या तंबूत बसल्यावर कळले.

अकोल्याच्या तंबूत अख्खे वऱ्हाड लोटले होते. सुरुवातीचा भाग खरा होता, त्यात कमलाकांत हसला. मग पडद्यावर नाटक मंडळीतला एक नट लुगडे नेसून आला. तो मी. तो रडला, मूर्च्छित पडला, आणि दिवस मावळण्यापूर्वी चार मिशाळ गड्यांनी त्याला दोराने वर ओढून घेतले. लुगड्याची निरी मोडली नव्हती. रात्र तर झालीच नाही.

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, “ही मी नाही. असे घडले नाही.”

मागून कोणी ओरडले, “बसा बाई, चित्र पाहू द्या!” हशा झाला. वामनराव माझा पदर ओढत होते, “चारू, बस. तुझ्याच भल्यासाठी आहे.”

तेवढ्यात कुबड्या टेकत शेषराव उभे राहिले. “बाई खरं सांगून राहिली. मले हिनंच खाली आनलं. दोन राती आमी दोघंच होतो कड्यावर. कोनाले काई म्हनाचं असन तं मले म्हना.”

यंत्र थांबले. वाद पेटणार, इतक्यात पुढच्या रांगेतून कमलाकांतच्या आई माणिकबाई उठल्या. “तुमचं काय ते मागून ठरवा,” त्या म्हणाल्या. “आधी माझा कमल पुन्हा दाखवा.”

यंत्रवाल्याने रीळ मागे गुंडाळले. कमलाकांत पुन्हा पागोटे सारखे करून हसला. माणिकबाईंनी तीनदा पाहिले. चौथ्यांदा कोणी मागितले नाही, कारण तंबूत पुरुषही रडत होते.

मला सांगून आलेली दोन्ही स्थळे त्याच आठवड्यात मोडली. मोडू दिली. बापूसाहेबांची कंपनी बुडाली तेव्हा मी पाटल्या मोडून प्रत आणि यंत्र घेतले. आजही दिवाळीला मी माणिकबाईंच्या घरी पहिला भाग लावते आणि तो नट येण्याआधी हात थांबवते.

तरी माझी आज्ञा अशी: प्रत व यंत्र रमाकडे जावे. माणिकबाई हयात असेतो दर दिवाळीला, आणि त्या मागतील तेव्हा, पहिला भाग त्यांना घरी जाऊन दाखवावा. त्यांच्या पश्चात ज्याला पाहायचा त्याने सारा चित्रपट पाहावा, पण दाखवणाऱ्याने हे कलम आधी मोठ्याने वाचावे. खोटा भाग कापू नये. मी काहीही लपवून ठेवलेले नाही आणि दुसऱ्यांचेही लपवणार नाही. रीळ चुलीपासून लांब ठेवावे, फार लवकर पेटते.

कलम ४. वामनरावांना वडिलांची कायद्याची पुस्तके. त्यांनी माझी माफी कधी मागितली नाही व ती मी या लेखाने देत नाही. रमाला त्यांनी माझ्याकडे येऊ दिले, हे मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

कलम ५. कड्यावर मला मरण आले तर प्रेत काढण्यासाठी कोणी जीव धोक्यात घालू नये. मला दुर्दैवी, अविचारी किंवा बिचारी म्हणू नये. त्या वेळी आम्ही कडा उतरलो, माथा गाठायचा राहिला. तो गाठायला मी माझ्या इच्छेने जात आहे. सोबत तालमीतले दोघे आहेत. रमा पायथ्याशी थांबेल, आणि या खेपेस धुके आले तरी ती जागा सोडणार नाही.

कलम ६. घराचा अर्धा भाग शेषराव मोहोड यांना द्यावा असा माझा विचार होता. ज्यांना हा मसुदा दाखवला ते वकील (वामनराव नव्हेत) म्हणाले, ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, पुढे तंटे होतात. दोहोंपैकी एक निवडा. शेषराव लगेच म्हणाले, “घर राहू द्या, बाई. मले साक्ष द्याची हाय.” सबब त्यांच्या नावे काही लिहिलेले नाही.

या लेखावर मी वाचून, समजून, उजेडात बसून सही केली. यापूर्वी दुसरा केलेला नाही.

चारुशीला विनायक अंजनकर
मुक्काम अमरावती, वऱ्हाड. तारीख १४ नोव्हेंबर १९४३.

साक्षीदार:

१. कौशल्या गणेश पाठक, शिक्षिका, अमरावती. लिहिणारीने माझ्यादेखत सही केली.

२. शेषराव नत्थुजी मोहोड, धंदा शेती, वलगाव. बाईनं माह्या समोर सही केली. कड्यावरचंही सारं माह्या समोरच झालं.