ओ देणारी खिडकी

३ मार्च
ऑफिसच्या कॉम्प्युटर सिक्युरिटीवालीने माझ्या टर्मिनलमध्ये भोक शोधलंय. मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये! अख्खं ऑफिस वर्षानुवर्षं याच काळ्या खिडकीत कमांड टाइप करतंय, कुणाला साधं खरचटलं नाही. म्हणे, खिडकीला नाव विचारलं की ती आपणहून टाइप करून सांगते, तेवढा भाग काढा. तेवढा! तो माझ्या बायकोने लिहिलाय, आम्ही दोघंही इथेच कामाला होतो तेव्हा. मी हाकेला ओ देत नाही, निदान खिडकीने द्यावी, म्हणून. नाव ठेवलं 'आलेच'. आता ही राहिली नाही. रोज सकाळी विचारतो, 'आलेच' उमटतं. काढणार नाही. विषय संपला.

४ मार्च
संपलेला नाही. म्हणे, फाइलमध्ये छुपी अक्षरं पेरून कुणीही खिडकीचं नाव बदलेल आणि लगेच ते विचारेलही. नावाच्या जागी कमांड ठेवली, की आपण फाइल उघडायचा अवकाश, खिडकी ती टाइप करणार, एंटरसकट. मी म्हटलं, नुसतं वाचून कुणाचं काय बिघडलंय? तिची नमुना फाइल सगळ्यांदेखत उघडली. मशीन बंद पडलं. योगायोग. शिवाय मशीन जुनं आहे.

७ मार्च
साहेबांना खरमरीत मेल. हा भाग काढला तर काय काय कोलमडेल: बिलिंग, बॅकअप, लिफ्ट. (लिफ्टचं खोडलं. पुन्हा घातलं.)

१२ मार्च
उत्तर नाही, म्हणजे पटलं. कुणाचाच मेल येत नाही. सगळ्यांनी धसका घेतलाय. सिक्युरिटीवाली स्वतःहून चहा घेऊन आली. जिंकल्यावर मन मोठं ठेवावं.

१८ मार्च
मेल अजून आउटबॉक्समध्येच. नेट मंद असेल. मुलीला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, बाबा, आईने स्वतःच ते भोक बुजवलं असतं. पोरगी कायम आईच्याच बाजूची. रात्रभर डोळा लागला नाही.

२० मार्च
ठरलं. मीच काढणार, उद्या, सगळ्यांसमोर. छोटं भाषण तयार आहे. हिची फार आठवण येते.

२१ मार्च
भाषण राहिलं. सिक्युरिटीवालीने बाजूला घेतलं. म्हणाली, सर, बाकी सगळ्या मशीनवरून तो भाग त्याच आठवड्यात काढला. फक्त तुमच्याकडे ठेवला, म्हणून तुमचं नेटवर्क तोडलं. तुम्हाला सांगायला कुणाची जीभ रेटेना. राहू दे सर, तुमच्यापुरता.
म्हणजे इतके दिवस सगळं त्याच्याशिवायच चाललं होतं आणि मला पत्ताही नाही.
नको म्हटलं. माझ्या हाताने काढला.
काहीच बंद पडलं नाही. पडायला हवं होतं.